रबाळ्यातलं गॅरेज: गाडी आधी मोजतात, मग ओढतात

ठाणे-बेलापूर रोडला डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं पैशाला पासरी आहेत. समोरून ठोकलेली गाडी नेली की मिस्त्री बोनेटखाली डोकं घालतो, मोबाइलचा टॉर्च इकडेतिकडे फिरवतो, अपरनवर (चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्यावर) अंगठा दाबून बघतो आणि दोन मिनिटांत सांगून टाकतो, ‘चेसिस ओके आहे.’ मी ज्या गॅरेजबद्दल लिहितेय तिथे हे वाक्य कोणाच्याही तोंडून आलं नाही. त्यांनी गाडी बेंचवर, म्हणजे गाडी घट्ट धरून मोजायच्या आणि वाकलेला भाग ओढून सरळ करायच्या लोखंडी चौकटीवर चढवली, मोजली, छापील कागद हातात दिला आणि मगच खर्चाची भाषा सुरू केली. माझ्या माहितीत समोरून धडकलेल्या गाडीचं काम असं करणारं हे पहिलंच गॅरेज, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नाव लिहू नका, अशी मालकांची विनंती आहे. बेंच एकच, त्यावर एका वेळी एकच गाडी चढते आणि रांग आधीच आहे. रबाळे एमआयडीसीत, डोंगराच्या बाजूला आत गेलं की फॅब्रिकेशनच्या शेडच्या ओळीत हे गॅरेज आहे. बाहेरून बघून आत बेंच असेल असं वाटत नाही.

मी महापे एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे पत्र्याचे भाग दाबून निघतात आणि ते ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. व्हर्नियर, हाइट गेज, सीएमएम (भागावरच्या बिंदूंची जागा मोजणारं मशिन) यांतच दिवस जातो. पत्रा दिसतो सरळ आणि निघतो तिरका, हे मी रोज बघते. त्यामुळे ‘डोळ्यांना कळतं’ म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास चटकन बसत नाही.

पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर आमची गाडी एका बंद पडलेल्या टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यावर गेली. नवरा चालवत होता, मी शेजारी, सासूबाई मागे. तिघांनीही पट्टे लावलेले होते. एअरबॅग उघडल्या. खांद्याला पट्ट्याचा वळ आणि मानेचं दुखणं, यापलीकडे कोणाला काही झालं नाही. गाडीचा मात्र पुढचा उजवा कोपरा, म्हणजे चालकाच्या बाजूचा, पार आत गेला होता.

टोचन करून गाडी ठाण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. एसीत बसवलं, चहा दिला आणि एस्टिमेट आलं: बंपर, बोनेट, उजवा फेंडर, शो (रेडिएटर धरणारी पुढची चौकट), रेडिएटर, कंडेन्सर, हेडलाइट, एअरबॅग. पार्ट्सची यादी भलीमोठी, पण त्यात मोजणीची ओळच नव्हती. लाँग मेंबर म्हणजे इंजिनच्या दोन बाजूंनी पुढे जाणारे चेसिसचे मुख्य दांडे. मी विचारलं, “लाँग मेंबर मोजला का?” अॅडव्हायझर म्हणाला, “मॅडम, गरज नाही. नवीन शो बसला म्हणजे लाँग मेंबर जागेवर आहे.” शेजारच्या गाडीचं काम चाललं होतं, ते मी बघत उभी राहिले. नवा शो लाँग मेंबरच्या टोकाला लावला तर बोल्टची भोकं जुळेनात. पोऱ्याने ग्राइंडर घेतला, भोक लांबवलं, बोल्ट आवळला. शो बसला. त्याच्या मागचा लाँग मेंबर होता तसाच वाकडा राहिला. आता त्यावर बंपर चढेल, बोनेटच्या फटी बिजागरीतून जुळवतील, उरलेलं लांबी (पुटी) भरून झाकलं जाईल. बाहेरून गाडी चकाचक दिसणार. मी आमची गाडी तिथून काढली.

आता थोडं धडक चाचणीबद्दल, कारण प्रयोगशाळेत काय मोजतात ते कळलं की गॅरेजमध्ये काय मागायचं ते कळतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप, म्हणजे धडक चाचणीवरून गाड्यांना तारे देणारा कार्यक्रम, सुरू झाला. त्याच्या समोरच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर सोडतात आणि रुंदीच्या फक्त ४० टक्के भागावर, चालकाच्या बाजूने, आदळवतात. अडथळ्याच्या तोंडावर अॅल्युमिनियम हनीकोंबचा चुरगळणारा ठोकळा असतो, एकूण ५४० मिलिमीटर जाडीचा, म्हणजे समोरून दुसरी गाडी आल्यासारखं व्हावं. कायद्याने सक्तीची असलेली एआयएस-०९८ ही चाचणीही याच पद्धतीची, पण ताशी ५६ वर होते. आठ किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६४ ला गाडीला जवळपास ३० टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्यात उरकतं.

लोक तारे बघतात. ताऱ्यांत डमीच्या (गाडीत बसवलेल्या माणसासारख्या पुतळ्याच्या) डोक्याचे, छातीचे, पायांचे आकडे असतात आणि ते हवेतच. पण मला त्याहून जास्त रस गाडीच्या मोजमापात आहे, कारण डमीला काय झालं त्याचं कारण तिथे सापडतं. हे मोजमाप दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही प्रकार आपल्या अपघातग्रस्त गाडीला जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला प्रकार म्हणजे पुढचा भाग किती चुरगळला. बंपरच्या उंचीवर गाडीच्या रुंदीत सारख्या अंतराने सहा बिंदू घेतात, सी१ ते सी६. गाडी आधी जिथपर्यंत होती तिथपासून प्रत्येक बिंदू किती मागे गेला ते मोजतात. सरासरी काढताना टोकाचे दोन आकडे अर्धे धरतात, मधले चार पूर्ण, आणि बेरजेला पाचाने भागतात. सहा बिंदूंमध्ये पट्टे पाचच असतात आणि टोकाच्या बिंदूच्या एकाच बाजूला पट्टा असतो, म्हणून हा हिशेब. आमच्या गाडीचं मी घराखाली पार्किंगमध्ये मोजलं. दोन बाजूंना स्टँड ठेवून दोरी ताणली, आधीची पुढची रेघ कंपनीच्या ड्रॉइंगमधल्या लांबीवरून आखली आणि स्टीलच्या टेपने उजवीकडून डावीकडे आकडे घेतले: २६, २१, १४, ७, २ आणि शून्य सेंटिमीटर. सरासरी आली ११.४. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: बंपरचं प्लॅस्टिक कव्हर धडकेनंतर परत बाहेर येतं. त्यावरून मोजलं तर नुकसान आहे त्याहून कमी दिसतं. कव्हर काढून आतल्या लोखंडी बीमवर मोजायचं.

या आकड्यांचा उपयोग काय? १९७४ साली जनरल मोटर्सच्या केनेथ कॅम्पबेल यांनी दाखवून दिलं की गाडी समोरून पूर्ण रुंदीने भिंतीवर आदळली तर धडकेचा वेग आणि कायमचा चुरगळा यांचं नातं जवळपास सरळ रेषेत जातं. त्यावरून चुरगळलेल्या पत्र्यात किती ऊर्जा गेली ते काढता येतं. अपघाताचा तपास करणारे आजही धडकेच्या वेगाचा अंदाज त्या पायावर बांधतात. यातून मला कळलेली गोष्ट सरळ आहे. पुढचा भाग चुरगळणं हा बिघाड नव्हे, ते त्याचं कामच आहे. बंपर बीमच्या मागे क्रॅश बॉक्स असतात, ते आधी घडी होतात. मग लाँग मेंबर ठरलेल्या जागी दुमडत जातो. जेवढं तिथे चुरगळेल तेवढं आत माणसांपर्यंत कमी पोहोचतं.

दुसरा प्रकार म्हणजे माणसं बसतात तो भाग किती आत सरकला. अमेरिकेतली आयआयएचएस ही संस्था याची कोष्टकं सेंटिमीटरमध्ये जाहीर करते. पाय ठेवायची जागा, ब्रेकचं पेडल, डॅशबोर्डची दोन टोकं, स्टिअरिंग आणि दरवाज्याची चौकट, म्हणजे ए-पिलर (पुढच्या काचेशेजारचा खांब) आणि बी-पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) यांच्यातलं अंतर किती कमी झालं ते. धडकेआधी प्रत्येक बिंदूवर खूण करून मोजणीच्या यांत्रिक हाताने त्याची जागा नोंदवतात आणि धडकेनंतर तेच बिंदू पुन्हा मोजतात. आपल्या एआयएस-०९८ मध्येही स्टिअरिंगसाठी मर्यादा आहे: त्याचा मध्य मागे १०० मिलिमीटर आणि वर ८० मिलिमीटर, यापेक्षा जास्त सरकता कामा नये.

हे सगळं उभं राहतं एका प्रश्नावर: मोजायचं कशापासून? पुढचा भाग तर पूर्ण हललेला. म्हणून गाडीच्या मागच्या, धक्का न लागलेल्या भागावर आधाराचे बिंदू धरतात. आयआयएचएस आतल्या सरकण्याचे आकडे चालकाच्या सीटच्या बोल्टच्या तुलनेत देते, कारण माणूस सीटवर असतो आणि डॅशबोर्ड त्याच्या किती जवळ आला तेच महत्त्वाचं. आधार चुकला की पुढचे सगळे आकडे कचरा. आमच्या सीएमएमवर नवीन मुलगा आला की त्याला मी पहिल्यांदा हेच शिकवते.

रबाळ्याच्या गॅरेजमध्ये मला पहिला विश्वास वाटला तो याच ठिकाणी. गाडी लिफ्टवरून बेंचवर घेतली, खालच्या पत्र्याच्या कडा चार क्लॅम्पमध्ये घट्ट धरल्या. मशिनवरचा माणूस तिशीतला, कमी बोलणारा. त्याने वाकलेल्या भागाकडे पाहिलंही नाही. सरळ गाडीच्या पोटाखाली, मधल्या भागात शिरला आणि फ्लोअरच्या खालची चार मूळ भोकं कापडाने पुसून घेतली. मी विचारलं, “इथून का?”

“ताई, इथे मार लागलेला नाही. आधी हे चार पॉइंट कंपनीच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. हे जुळले तर पुढचं खरं.”

चारही जुळले, एक-दीड मिलिमीटरच्या आत. मग तो पुढे सरकला. गाडीखाली एक लांब रूळ असतो, त्यावर सरकणारा सांध्यांचा हात. हाताच्या टोकाला वेगवेगळ्या मापाच्या टोप्या चढवतात, भोकासाठी वेगळी, बोल्टच्या डोक्यासाठी वेगळी. टोक भोकात बसवून बटण दाबलं की स्क्रीनवर तीन आकडे येतात: लांबी, रुंदी, उंची. शेजारी कंपनीचं मूळ माप आणि फरक. तीन मिलिमीटरच्या आत असेल तर हिरवं, बाहेर गेलं तर लाल. प्रयोगशाळेत धडकेआधीची मोजणी हातात असते. इथे ‘आधीची गाडी’ म्हणजे कंपनीची डेटाशीट, बाकी तत्त्व तेच.

आमच्या गाडीचा कागद माझ्यासमोर आहे. उजव्या लाँग मेंबरचं टोक ३१ मिलिमीटर मागे, १४ मिलिमीटर डावीकडे, ५ वर. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण डाव्या लाँग मेंबरचं टोकही, जिकडे टेम्पो लागलाच नव्हता, ९ मिलिमीटर डावीकडे सरकलं होतं. डाव्या बाजूचा फेंडर, हेडलाइट, बंपरचा कोपरा, सगळं शाबूत. बाहेरून बघून कोणी म्हणालं असतं की डावी बाजू नवी कोरी आहे. धक्का उजव्या टोकाला लागला, क्रॉस मेंबरने (दोन्ही लाँग मेंबर जोडणाऱ्या आडव्या दांड्याने) तो पलीकडे नेला आणि पुढची सगळी चौकट एकत्र कलली. ठाण्याच्या वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये डाव्या बाजूला एक बोल्टसुद्धा नव्हता. त्यांनी शो बसवला असता, भोकं लांबवली असती आणि आम्ही ती तिरकी गाडी घेऊन घरी आलो असतो.

उजव्या सस्पेन्शन टॉवरचा आकडा होता ५ मागे, ४ आत. तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. शॉकअपचं वरचं टोक तिथेच बसतं. ते हललं की चाकाचा कास्टर आणि कॅम्बर, म्हणजे चाक बसण्याचे कोन, बिघडतात, गाडी एका बाजूला ओढते आणि लोक वर्षानुवर्षं अलाइनमेंटचे पैसे भरत टायर खातात.

मग मला जे हवं होतं ते. मी म्हटलं, “दरवाज्याची चौकट मोजून द्या.” उजवा दरवाजा उघडताना फेंडरला घासत होता आणि माझ्या मनात ए-पिलर सरकल्याची धास्ती होती. त्या माणसाने कुरबूर केली नाही. ट्रॅम गेज आणला. लांब पट्टीवर दोन सरकत्या टोकदार दांड्या, साधं पण फसवणूक न करणारं हत्यार. वरच्या बिजागरीच्या बोल्टपासून कुलपाच्या स्ट्रायकरपर्यंत तिरकं माप उजवीकडे घेतलं, तसंच डावीकडे. मग खालच्या बिजागरीपासून. दोन्ही बाजूंत एका मिलिमीटरचा फरक. फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळचे), सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या चौकटीच्या) मागच्या बोल्टांचे बिंदूही हिरवे. म्हणजे गाडीने आपलं काम चोख केलं होतं, जे काही गेलं ते सस्पेन्शन टॉवरपर्यंत गेलं आणि आम्ही बसलो होतो तो डबा जागचा हलला नव्हता. दरवाजा घासत होता तो फक्त मागे रेटलेल्या फेंडरमुळे. मला तिथेच हुंदका फुटला. मशिनवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, “केबिन शाबूत आहे ताई. गाडी चांगली आहे.” त्या कागदावरच्या त्या दोन ओळी मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवल्या.

विम्याच्या सर्व्हेअरचं थोडक्यात सांगते. त्यांनी बेंचचे आणि ओढकामाचे पैसे सुरुवातीला नामंजूर केले, कारण ‘फोटोत काही दिसत नाही’. मोजणीचा कागद पाठवल्यावर स्वतः आले, डाव्या लाँग मेंबरची ओळ दोनदा वाचली, समोर पुन्हा मोजून घेतली आणि मंजुरी दिली. साहेब सरळ होते, पण कागद नसता तर त्यांच्या हातातही काही नव्हतं. खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस धरतात, आमचा त्याच्या बराच खाली राहिला. आणि झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलेलं नसेल तर एअरबॅग, रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचे ५० टक्के आपल्या खिशातून जातात, हे पॉलिसी घेतानाच बघून ठेवा.

ओढकाम मी सुट्टी काढून उभं राहून पाहिलं. त्यांनी बघू दिलं, हेही नोंदवण्यासारखं आहे. क्रॅश बॉक्स आणि बीम टाकून दिले, ते दुरुस्त करायचेच नसतात. उजव्या लाँग मेंबरचं पुढचं टोक घडी पडलेलं होतं. तेवढा तुकडा कंपनीने सांगितलेल्या जोडावर कापून नवा घातला. मागचा भाग नुसता वाकलेला होता, तो ओढला. हायड्रॉलिक टॉवरला साखळी, साखळीचं टोक लाँग मेंबरला आणि मोजणीचा हात त्याच बिंदूला लावलेला, म्हणजे ओढताना स्क्रीनवर आकडा पळताना दिसतो. ३१ वरून २०, २० वरून ८. आकडा शून्यावर आला तरी थांबत नाहीत. थोडं पुढे ओढतात, आजूबाजूच्या पत्र्यावर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके देतात, मग साखळी सैल करतात. पत्रा थोडा मागे जातोच. परत मोजायचं, परत ओढायचं. एका मदतनिसाने गॅसची नळी आणायला हात केला तेव्हा मशिनवाला पहिल्यांदा आवाज चढवून बोलला: “गॅस नाय लावायचा!” त्याचं बरोबर होतं. हल्लीच्या गाड्यांत पुढचं आणि पिलरचं पोलाद जास्त ताकदीचं असतं, तापवलं की ती ताकद जाते. भाग दिसतो सरळ, पण पुढच्या धडकेत तो ठरल्यासारखा दुमडत नाही.

हे मला कळकळीने सांगायचं आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या तपासल्या आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर राहिल्या. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले, भारतीय गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. तिथून पुढे आपण तारे विचारून गाडी घ्यायला शिकलो. मोठी मजल आहे ही. पण तारे मिळतात ते लाँग मेंबर मिलिमीटरमध्ये जागेवर असलेल्या नव्या गाडीला. ती गाडी एकदा ठोकली आणि अंदाजाने ‘बनवली’ की त्या ताऱ्यांचा आणि तिचा संबंध संपतो. बॉक्स कुठे घडी होणार, लाँग मेंबर कुठे दुमडणार, सेन्सरला धक्का किती लवकर पोहोचणार, एअरबॅग कधी फुगणार, हे सगळं त्या मापांवर बेतलेलं असतं. आणि अशी गाडी बहुतेक वेळा सेकंडहँड बाजारात जाते. घेणाऱ्याच्या घरातली मुलं तिच्यात बसतात.

काम झाल्यावरचा दुसरा कागद: उजवं टोक २ मागे, १ डावीकडे, उंची १. डावं टोक सगळीकडे १. टॉवर २ मागे, १ आत. सगळं हिरवं. त्यानंतर अलाइनमेंटचा रिपोर्ट वेगळा दिला. पुढचे पट्टे त्यांच्या प्रीटेन्शनरसकट (धडकेत पट्टा आवळणाऱ्या भागासकट) बदलले, एअरबॅगचं मॉड्यूल नवं घातलं आणि जुने सगळे भाग डिकीत घालून दाखवले. नव्या शोचे बोल्ट कोणत्याही भोकाला कानस न लावता हाताने आत गेले, ते मला मुद्दाम बोलावून दाखवलं. बोनेटच्या फटी मी घरी फीलर गेजने पाहिल्या, दोन्ही बाजूंना ४ मिलिमीटर.

आता जे पटलं नाही ते. पेंटकाम इथली लंगडी बाजू आहे. उजव्या फेंडरवर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा) दिसतं आणि मेटॅलिक शेड संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दरवाज्याशी जुळत नाही. सांगितल्यावर पॉलिश करून दिलं, फरक पडला, पूर्ण गेला नाही. ज्यांना रंगाचं फार आहे त्यांनी ओढकाम इथे आणि पेंट दुसरीकडे असा विचार करावा. मशिन नीट चालवणारा माणूस एकच आहे. तो गावाला गेला तर बेंच बंद, आणि आमचं काम नेमकं गणपतीत अडकलं. मालकांनी दुसरा माणूस तयार करायलाच हवा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. फोन उचलत नाहीत, मेसेजला संध्याकाळी उत्तर देतात. बसायला जागा म्हणाल तर ऑफिसात दोन खुर्च्या आणि बायकांसाठी स्वच्छतागृह शेजारच्या कंपनीत विचारून. जोराचा पाऊस असेल तर आतल्या रस्त्यावर पाणी भरतं, टोचनवाले यायला कुरकुर करतात. जुन्या मॉडेलची डेटाशीट त्यांच्याकडे नसेल तर ट्रॅम गेजने डावी-उजवी तुलना करून काम करतात. ते चुकीचं नाही, पण आमच्यासारखा दोन्ही बाजू हललेला प्रकार असेल तर अशी तुलना कमी पडते. तेव्हा आपल्या मॉडेलची शीट आहे का, हे आधी विचारून घ्या.

पैशांचं: नुसत्या मोजणीचे ३,००० रुपये घेतले. काम तिथेच दिलं तर बिलातून वजा करतात, नाही दिलं तरी कागद देतात. एकूण बिल ठाण्याच्या एस्टिमेटपेक्षा जास्त झालं, कारण तिकडे जे धरलंच नव्हतं ते इथे केलं. सेकंडहँड गाडी घेण्याआधी नुसती मोजून हवी असेल तरी करतात. माझ्या भावाने कळव्यात बघितलेली एक गाडी आम्ही तशी मोजून घेतली आणि कागद पाहून ती सोडून दिली.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारनंतर गल्लीत टेम्पो लागतात आणि टोचनची गाडी आत वळत नाही. आरसी, पॉलिसी आणि चेसिस नंबरचा फोटो जवळ ठेवा, शीट त्यावरूनच काढतात. मोजणी चालू असताना तिथे थांबा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा आणि दोन्हींवर मधले चार आधाराचे बिंदू छापलेले आहेत का ते बघा. दरवाज्याच्या चौकटीचं माप ते आपणहून घेत नाहीत, सांगावं लागतं. सांगितलं की घेतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत.